मालकाचा नातू



या व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन आमच्याकडे आले तेव्हा विषय त्यांनी मनाशी ठरवूनच आणला होता. मे दिन जवळ आलेला, वक्ता कामगार संघटनेतला. तेव्हा शिकागोपासून गिरणगावापर्यंतची हकीकत आम्ही सांगावी, अशी त्यांची अपेक्षा. ती हकीकत आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सांगत आलो आहोत. म्हणून आम्ही म्हणालो, यंदा आम्हांला एका मालकाच्या घराविषयी बोलू द्या. चिटणीस जरा बिचकले. "मालकाच्या बाजूने?" असे त्यांनी विचारले. ऐकून काय ते ठरवा, एवढेच उत्तर आम्ही दिले.

प्रथम एक कबुली. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटावर. त्या कपाटात आमच्या आधीच्या कार्यकर्त्यांनी जमवलेली पूर्व युरोपातली गुळगुळीत कागदाची सचित्र मासिके होती. भट्टीपुढे उभा असलेला पोलाद कामगार, कारखान्याच्या पाळणाघरातली गुबगुबीत मुले, समुद्रकाठी सुटीवर आलेले खाणकामगार. आमच्या चाळीत एका नळावर चाळीस बिऱ्हाडे होती. त्या चित्रांवर आम्ही मनापासून विश्वास ठेवला आणि त्या विश्वासावर पुष्कळ भाषणे केली. चेक भाषा आम्हांला येत नाही. चेकोस्लोव्हाकियाविषयी आज जे सांगणार आहोत ते शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतून वाचलेले आहे. ते वाचायला आम्हांला फार उशीर झाला, हाही या कबुलीचाच भाग.

प्राग शहराच्या मध्यभागी, व्हेंसेस्लास चौकाजवळ, लुत्सेर्ना नावाची एक अवाढव्य इमारत आहे. लुत्सेर्ना म्हणजे कंदील. वाक्लाव हावेल नावाच्या बांधकाम कंत्राटदाराने ती १९०७ पासून १९२१ पर्यंत खपून उभी केली. दुकानांची रांग असलेला आतला बोळ, चित्रपटगृह, उपाहारगृह आणि जमिनीखाली नाचगाण्यांचा नि सभांचा प्रचंड दिवाणखाना, असा तिचा थाट. सळईच्या काँक्रीटचे एवढे बांधकाम त्या काळच्या प्रागला नवलाईचे होते. इमारत पुरी झाली त्याच वर्षी, १९२१ साली, कंत्राटदार वारला.

मागे दोन मुलगे राहिले. थोरल्याचे नावही वाक्लाव, आणि पुढे त्याच्या मुलाचेही वाक्लाव. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेच आहे असे नाही. घोटाळा होऊ नये म्हणून आम्ही त्यांना आजोबा, वडील आणि नातू असेच म्हणू. वडील स्थापत्यशास्त्र शिकलेले. विद्यार्थिदशेत त्यांनी प्रागमध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची वसाहत उभारण्याच्या कामी पुढाकार घेतला होता, आणि ती विद्यार्थ्यांनी स्वतः अंगमेहनत करून बांधली होती. पुढे कॅलिफोर्निया पाहून आल्यावर त्यांनी शहराच्या दक्षिणेला बारांदोव्ह नावाच्या कड्यावर बंगल्यांची वसाहत आखली. तिथले पायऱ्यापायऱ्यांचे उपाहारगृह १९२९ साली उघडले. धाकटा भाऊ मिलोश हा सिनेमाचा नादी. त्याने त्याच टेकडीवर चित्रपटांची कार्यशाळा काढली. ती १९३३ साली चालू झाली आणि आजही त्या टेकडीच्याच नावाने जगभर ओळखली जाते.

वडिलांची सासुरवाडीही थोरच. सासरे ह्यूगो वाव्रेचका हे आधी पत्रकार, मग राजदूत, आणि नंतर झ्लीन गावच्या बाटा कारखान्याच्या संचालकांपैकी एक झाले. बाटा म्हणजे आपला बाटाच. आपल्यापैकी अनेकांना हे नाव देशी वाटते, आणि त्यांना दोष देता येत नाही. शाळा उघडली की आईबाप मुलाला हाताशी धरून ज्या दुकानात नेत त्याची पाटी परदेशी असेल असे कुणाच्या मनात येणार? हुगळीकाठचे बाटानगर १९३४ च्या सुमारास वसले. झ्लीनमध्ये जसे कारखान्याभोवती गाव, तसेच इथे.

असे हे घर. स्वयंपाकीण, दाई, माळी, मोटारचालक. अशा घरात ५ ऑक्टोबर १९३६ रोजी नातू जन्मला, आणि १९३८ साली त्याचा धाकटा भाऊ इव्हान. नातवाने पुढे लिहिले आहे की, लहानपणी गावच्या शाळेत इतर मुलांत आणि आपल्यात एक अदृश्य भिंत असल्यासारखे त्याला वाटे, आणि ज्या सुखसोयी इतरांना नाहीत त्या आपल्याला असल्याची लाज वाटे. हे वाचून आम्हांला प्रथम हसू आले. भिंतीच्या पलीकडच्या पोरांनाही काही वाटत असेलच की! पण लाज वाटली हे त्याने लिहून ठेवले, हे नोंदवले पाहिजे. आम्ही पाहिलेल्या मालकांच्या मुलांनी असे काही लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता राष्ट्रीयीकरणाकडे वळू. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती दोन्ही पक्षांचे लोक झाकतात. चेकोस्लोव्हाकियातले मोठे राष्ट्रीयीकरण कम्युनिस्टांची एकहाती सत्ता येण्यापूर्वीच झाले. जर्मन ताबा सुटल्यावर ११ ऑगस्ट १९४५ च्या हुकमाने चित्रपटधंदा राष्ट्राचा झाला, आणि २४ ऑक्टोबर १९४५ च्या हुकमांनी खाणी, मोठे कारखाने, बँका आणि विमा कंपन्या सरकारजमा झाल्या. त्या हुकमांवर सही अध्यक्ष बेनेश यांची, आणि बेनेश कम्युनिस्ट नव्हते. झ्लीनचा बाटा गेला तो तेव्हाच. मिलोशची कार्यशाळाही तेव्हाच गेली. खरे म्हणजे ती जर्मनांनीच त्याच्या हातून आधी काढून घेतली होती. बहुसंख्य भाग त्यांनी दडपणाने मिळवला होता, आणि मिलोश त्यांच्या अमलाखाली धंदा करीत राहिला म्हणून स्वातंत्र्यानंतर त्याच्यावर शत्रूशी सहकार्याचा ठपका आला.

त्या १९४५ च्या हुकमांच्या वेळी आम्ही प्रागमध्ये कामगार असतो तर हात वर केला असता, आणि आजही करू. युद्धाने मोडलेला देश, निम्मे कारखाने शत्रूने बळकावलेले, ते कुणाला परत द्यायचे हाच प्रश्न. लोकांनाही ते मान्य होते. १९४६ सालच्या मे महिन्यात निवडणूक झाली, खुली झाली, आणि तीत कम्युनिस्ट पक्षाला शेकडा ३८ मते मिळाली. एवढी मते बंदुकीच्या धाकाने पडलेली नव्हती. आणि लुत्सेर्ना? ती तेव्हा हावेलांकडेच राहिली.

तिच्यावर पाळी आली ती १९४८ च्या फेब्रुवारीत, आणि हा फेब्रुवारी आम्हांला विशेष सलतो, कारण तो आमच्या जातीच्या माणसांनी, म्हणजे युनियनवाल्यांनी, घडवून आणला. २० फेब्रुवारीला पोलीसखात्यातील भरतीच्या वादावरून बारा बिगरकम्युनिस्ट मंत्र्यांनी राजीनामे दिले. २२ तारखेला प्रागच्या औद्योगिक प्रदर्शनाच्या मोठ्या दालनात कारखाना-समित्यांची परिषद भरली. प्रतिनिधी आठ हजारांच्या आसपास. पन्नासाहून अधिक माणसे कामाला असलेले सारे धंदे सरकारजमा करावेत, अशी मागणी तिथे झाली. ठरावाच्या विरुद्ध वर झालेले हात दहा. आम्ही पुष्कळ परिषदा पाहिल्या आहेत. आठ हजारांच्या सभेत विरोधी हात दहाच दिसले की, ते दहाजण कोण होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा त्यांचे काय झाले, हे आमच्या मनात आधी येते. २४ तारखेला एक तासाचा सार्वत्रिक संप झाला. हत्यारबंद कामगारदळे रस्त्यांवर होती. २५ तारखेला बेनेश यांनी मान तुकवली.

या सगळ्यामागे कामगार संघटनांचा जो पुढारी होता त्याचे नाव आंतोनिन झापोतोत्स्की. माणूस मूळचा पाथरवट. त्याचा बाप समाजवादी चळवळीतला शिंपी. १९२० च्या क्लाद्नो येथील संपाचा हा पुढारी. नाझींच्या साक्सेनहाउसेन छावणीत त्याने वर्षे काढलेली. असा पुढारी आम्हांला लाभला असता तर आम्ही त्याला खांद्यावर घेतले असते. १९४८ च्या जूनमध्ये तो पंतप्रधान झाला. कामगार संघटनेचा अध्यक्ष देशाचा पंतप्रधान! यापेक्षा आणखी काय हवे, असेच त्या कपाटातल्या मासिकांत होते. मासिकांत नसलेला भाग असा की, तेव्हापासून कामगाराने आपली तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे.

नव्या राज्यघटनेने, १९४८ च्या मेमध्ये, पन्नासपर्यंत माणसांच्या लहान धंद्याला अभय दिले होते. ते कागदावर राहिले. मोठे गेले, मग मधले, मग न्हावी, शिंपी, सुतार. हावेलांची लुत्सेर्ना, बारांदोव्हची उपाहारगृहे, सारी मिळकत गेली. नदीकाठी आजोबांनीच बांधलेल्या इमारतीत थोड्या खोल्यांवर कुटुंब राहू शकले. मिलोशने १९४९ साली ऑस्ट्रियात पळण्याचा प्रयत्न केला. तो व्हिएन्नात रशियनांच्या हाती सापडला, परत पाठवला गेला आणि तुरुंगात पडला. सुटल्यावर १९५२ साली तो पुन्हा निसटला आणि म्युनिकला पोचला. तिथेच तो १९६८ साली वारला.

इथपर्यंत आमची फारशी तक्रार नाही. इमारत गेली, ज्याच्याकडे दहा होत्या त्याच्याकडे एकही उरली नाही. जगात हे पूर्वीही झाले आहे आणि त्यात कुणी मेले नाही. तक्रार पुढे आहे.

नातू तेव्हा पोदेब्रादी गावच्या निवासी शाळेत होता. (याच शाळेत पुढे सिनेमात नाव काढलेला मिलोश फोरमन होता. त्याचे आईबाप नाझींच्या छळछावण्यांत गेले होते.) १९५० साली नातवाला शाळेतून काढले. अभ्यासात तो मागे होता असे नाही, खोडीही केली नव्हती. प्रत्येक माणसाच्या नावाने एक तक्ता भरला जाई, आणि त्यात बाप कोण, आजोबा कोण, त्यांच्याकडे किती मिळकत होती, असे रकाने असत. त्या रकान्यांतले उत्तर चुकीचे होते. पुढे त्याला नियमित शाळाही मिळेना. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा रासायनिक प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरीला लागला आणि रात्रशाळेत शिकून १९५४ साली परीक्षा पास झाला. साहित्य, इतिहास, चित्रपट, जिथे जिथे अर्ज केला तिथे तिथे नकार. शेवटी तांत्रिक विद्यापीठात अर्थशास्त्राच्या शाखेत जागा मिळाली, ती शहरी वाहतुकीच्या अभ्यासाला. दोन वर्षांनी त्याने ते सोडले. धाकटा इव्हानही नोकरी करीत संध्याकाळच्या वर्गांत शिकला आणि १९७१ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला गणकयंत्रशास्त्रात डॉक्टर झाला.

रात्रशाळा, दिवसा नोकरी, खिडकीवर नकाराची चिठ्ठी: ही गोष्ट आम्हांला इतकी ओळखीची आहे की, वाचताना मध्येच आम्ही विसरलो की हा मालकाचा नातू आहे. आमच्या लोकांची पोरे पिढ्यान्पिढ्या हेच करीत आली. कुणी म्हणेल, मग ठीकच झाले, एकदा त्यांनीही चव घ्यावी. आम्हीही पूर्वी असेच म्हणालो असतो.

आमच्या हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप झाला आणि तो बावन्न दिवस चालला. चाळिसाव्या दिवशी एक फिटर पोलिसांच्या गाडीमागून आत गेला. पुढे संप मिटला. त्या वर्षी संघटनेच्या निधीतून त्या कारखान्यातल्या कामगारांच्या चार मुलांना तांत्रिक शिक्षणासाठी मदत द्यायची होती. आलेल्या अर्जांत त्या फिटरच्या मुलाचाही अर्ज होता, आणि गुण सर्वांत जास्त त्याचे होते. कमिटीत एकाने विचारले, "हा कुणाचा?" नाव सांगितले गेले. अर्धा मिनिटदेखील चर्चा झाली नाही. अर्ज बाजूला ठेवावा म्हणून हात वर झाले, आणि त्यांत आमचाही हात होता. फिटर आत का गेला ते मागाहून कळले. घरी आजारपण होते. त्याबद्दल आम्ही त्याला अजून माफ केलेले नाही, हे खरे ते सांगतो. संप फोडणे ते फोडणेच. पण अर्ज त्याचा नव्हता. तो मुलगा पुढे एका वर्कशॉपमध्ये लेथवर हेल्पर म्हणून लागला. रस्त्यात भेटला की "काय भाऊ, बरे आहे ना?" असे विचारतो. त्याला तो ठराव माहीत आहे की नाही, हे आम्ही कधी विचारलेले नाही.

प्रागमधल्या त्या तक्त्यातला रकाना भरणारा कारकून वाईट माणूस असेलच असे आम्हांला वाटत नाही, ते यामुळे. तोही कुठल्यातरी कमिटीत बसलेला असेल.

कमिट्या काय करू शकतात याचा याहून काळा दाखला त्याच वर्षीचा आहे. मिलादा होराकोव्हा ही कायद्याची डॉक्टर, स्त्रियांच्या चळवळीतली कार्यकर्ती, संसदेची सभासद. नाझींनी तिला वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले होते. १९५० साली नव्या राज्याने तिच्यावर हेरगिरीचा आणि राजद्रोहाचा खटला भरला. खटला चालू असताना देशभरच्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून ठराव आले, हजारोंनी आले, की देशद्रोह्यांना कठोरात कठोर शिक्षा द्या. २७ जून १९५० रोजी तिला फाशी दिले. नवरा आधीच देशाबाहेर निसटला होता. मुलगी सोळा वर्षांची. ते ठराव पुराभिलेखात आहेत. त्यांची भाषा एकसारखी असणार, कारण मसुदा वरून आलेला. ठरावाचा मसुदा वरून येतो तेव्हा सभेत काय होते, सूचक कोण, अनुमोदक कोण हे कसे ठरते, ते आम्हांला समजावून सांगायला नको. सभेनंतर चहा निघतो.

आता पिल्झेन. हे गाव स्कोडा कारखान्यांचे, आणि तिथला कामगार जुना, कसलेला, संघटित. कारखान्याला तेव्हा लेनिनचे नाव दिलेले होते. १९५३ च्या मार्चमध्ये गोटवाल्ड वारले आणि आमचा पाथरवट झापोतोत्स्की राष्ट्राध्यक्ष झाला. मे महिन्यात गावोगाव कुजबूज, की चलन बदलणार. २९ मे रोजी राष्ट्राध्यक्षांनी आकाशवाणीवरून सांगितले की, आपले चलन भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी चलनबदल जाहीर झाला. पगार आणि किमती पाचास एक या दराने बदलणार. घरातली रोकड मात्र माणशी ३०० क्राउनांपर्यंतच पाचास एक, आणि त्यावरची पन्नासास एक. ज्या मालकांच्या इमारती पाच वर्षांपूर्वीच गेल्या होत्या त्यांच्याकडे आता जाण्यासारखे काय उरले होते? हा घाला पडला तो चारचौघांसारख्या कामगाराच्या गादीखालच्या पैशांवर: मुलीच्या लग्नाचे, म्हातारपणाचे, घराच्या छपराचे पैसे.

१ जूनच्या सकाळी पिल्झेनचे कामगार कारखान्यातून बाहेर पडले. हजारोंनी. नगरभवन त्यांनी ताब्यात घेतले, पुढाऱ्यांचे पुतळे खिडकीतून खाली फेकले, ध्वनिक्षेपकावरून घोषणा दिल्या. संध्याकाळपर्यंत पोलीस, लष्कर आणि कामगारदळ यांनी सारे मोडून काढले. होय, कामगारदळ, १९४८ मध्ये ज्या दळाने प्रागच्या रस्त्यांवर कामगारांचे राज्य आणले तेच. तीनशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. कित्येक कुटुंबांना घरदार सोडून गावाबाहेर जाण्याचे हुकूम निघाले, आणि त्या कुटुंबांच्या नावाचेही तक्ते भरले गेले. वर्गशत्रू हा शब्द आधी लुत्सेर्नाच्या मालकासाठी वापरला होता. तो आता कातारीला आणि ओतारीला लागू पडला. त्यांच्या बाजूने उभी राहील अशी संघटना देशात एकही नव्हती. संघटनेचा माजी अध्यक्ष राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात होता.

तरुणपणी आम्ही या पिल्झेनविषयी एक ओळही वाचली नव्हती. कपाटात नव्हती.

नातवाची पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. लष्करातली सक्तीची नोकरी झाल्यावर तो नाटकगृहात पडदे ओढायला आणि सामान हलवायला लागला. तिथून नाटके लिहू लागला. पहिले गाजलेले नाटक १९६३ चे. १९६८ मध्ये रशियन रणगाडे आले आणि त्याची नाटके बंद झाली. १९७४ साली तो त्रुत्नोव गावच्या मद्यार्कशाळेत पिंपे गडगडत नेण्याचे काम करीत होता. त्या अनुभवावर त्याने एक लहान नाटक लिहिले. त्यात मद्यार्कशाळेचा मुकादम त्याच्या हाताखालच्या लेखकाला म्हणतो की, तुझ्यावर पाळत ठेवून दर आठवड्याला अहवाल द्यायचा आहे आणि मला तर लिहायला सुचत नाही, तेव्हा तूच तुझा अहवाल लिहून दे ना! मुकादम बेरकी, बिचारा, दारूने भिजलेला आणि फार खरा आहे. मालकाच्या नातवाने मुकादमाची चेष्टा केलेली नाही, हे आम्ही मुद्दाम तपासून पाहिले.

१९७७ च्या जानेवारीत मानवी हक्कांचे जे जाहीर पत्रक निघाले त्याच्या प्रवक्त्यांपैकी तो एक होता. १९७८ च्या त्याच्या निबंधात एक भाजीवाला येतो. जगातल्या कामगारांच्या एकजुटीची घोषणा तो कांद्यागाजरांबरोबर दुकानाच्या खिडकीत मांडतो. त्याला त्या शब्दांशी काही कर्तव्य नाही. पाटी वरून आली म्हणून लावली, न लावली तर चौकशी होईल. ही घोषणा आमच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची. आम्ही ती घसा कोरडा पडेपर्यंत दिलेली आहे, पाऊस पडत असताना दिलेली आहे. ती भाजीच्या टोपलीवरची किमतीची चिठ्ठी होऊन बसलेली पाहून आम्ही पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. त्याच निबंधात मद्यार्कशाळेतला आणखी एक माणूस आहे. तो आपल्या धंद्यात निष्णात, आणि पेय चांगले व्हावे म्हणून धडपडणारा. वरिष्ठाला काही कळत नव्हते, पण त्याचा पक्षात वशिला होता. याने सुधारणेचा अर्ज केला, आणि राजकीय घातपाती ठरून दुसरीकडे हलक्या कामावर गेला. हा काही कुणा मालकाचा नातू नव्हता.

१९७९ च्या मेमध्ये नातवाला पकडले आणि ऑक्टोबरमध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. वडील त्या जुलैतच वारले. थोरला मुलगा अटकेत होता. तुरुंगात त्याला सांधाजोडीचे, म्हणजे वेल्डिंगचे, काम दिले, आणि पुढे पिल्झेनच्या तुरुंगात धुलाईचे. १९८३ साली न्यूमोनियाने तो मरणाच्या दारी पोचला तेव्हा सोडला.

सुटल्यावर त्याने एका दीर्घ मुलाखतीत मालकीविषयी जे मत दिले ते आमच्या मित्रांनी ऐकावे. अमेरिकेतली बडी गणकयंत्र कंपनी आणि सरकारी स्कोडा कारखाना यांची तो तुलना करतो. पहिली अधिक चांगली चालते हे कबूल करतो, आणि म्हणतो की दोन्हीकडे माणूस आकाराने हरवलेला आहे. नुसता मालक बदलून ते सुधारत नाही. ज्याच्या घरची एवढी मिळकत गेली त्याने ती परत द्या असा हेका धरलेला नाही. आम्हांला हे मत पूर्णपणे पटत नाही. मालक कोण, याने फरक पडतो. बोनसच्या वाटाघाटीला बसलेल्या कुणालाही विचारा. पण मालक बदलल्यावर युनियन कुणाची, हा प्रश्न आम्ही आमच्या भाषणांत कधी घातला नव्हता.

आता १९८९. नोव्हेंबरात प्रागचे विद्यार्थी रस्त्यावर आले, मार खाल्ला, नाटकगृहे बंद झाली. तरी राज्यकर्ते निश्चिंत होते, कारण कारखाने शांत होते. २३ नोव्हेंबरला प्रागमधला पक्षाचा प्रमुख एका मोठ्या यंत्रकारखान्यात गेला आणि कामगारांना म्हणाला की, राष्ट्राध्यक्षाने केव्हा जावे हे पंधरा वर्षांच्या पोरांनी ठरवायचे, असे जगात कुठल्या देशात होते? त्यावर कामगारांतून ओरड झाली, आम्ही पोरे नाही! ती ओरड चित्रफितीवर आहे. आम्ही ती पाहिली आहे. भाषा कळत नाही, पण फाटकावरचा आवाज जगात सगळीकडे सारखाच असतो. २७ नोव्हेंबरला दुपारी बारा ते दोन सार्वत्रिक संप झाला. १९४८ मध्ये एका तासाच्या संपाने आलेले राज्य या दोन तासांच्या संपानंतर सावरले नाही. २९ डिसेंबरला मालकाचा नातू राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याला मते दिली ती कम्युनिस्टांचे बहुमत असलेल्या संसदेने.

मिळकती परत करण्याचे कायदे १९९० आणि १९९१ साली झाले. त्यांतल्या मुख्य कायद्याने तारखेची रेघ ओढली ती २५ फेब्रुवारी १९४८ ची. त्या दिवसानंतर घेतलेले परत, आधीचे नाही. म्हणून १९४५ मध्ये गेलेली चित्रपटांची कार्यशाळा त्या कायद्यात बसत नव्हती, आणि लुत्सेर्ना मात्र आजोबांच्या दोन नातवांच्या नावावर परत चढली. पुढे तिच्यावरून घरात बेबनावही झाला. मिळकत म्हटली की तो आलाच. पिल्झेनच्या कामगारांनी गादीखाली ठेवलेल्या, पन्नासाला एक या भावाने गेलेल्या पैशांसाठी त्या कायद्यात कलम नव्हते.